फुग्याच्या दुकानातला शुक्रवार

त्याला सगळे फुगा म्हणतात. आईबापांनी नाव चांगलं ठेवलं होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर येतं. कपाळावरचे केस वर उचलायचे, मागे वळवायचे आणि त्यांचा असा टपोरा फुगा काढायचा की वादळ आलं तरी हलता कामा नये, ही त्याची विशीतली फॅशन. विशी गेली, तिशी गेली, चाळिशी गेली, केस पिकले, पुढचे बरेचसे गळाले, पण फुगा आहे तिथे आहे. कुणी हसलं की म्हणतो, "हसा, हसा. तुमच्याकडे काढायला केस तरी आहेत का?"

केस कापायचं दुकान आहे त्याचं. आधी त्याच्या वडिलांचं होतं. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, कोपऱ्यात वाफेचा डबा, आणि वस्तरे ठेवायच्या फळीवर रेकॉर्ड लावायचं मशीन. त्याच्या दुकानाला चिकटून माझी टपरी. मी चाव्या बनवते, अडकलेली कुलपं उघडते. म्हणून तो मला चावी म्हणतो. बाईमाणूस कुलपं फोडते म्हणून लोक आधी बिचकायचे, आता घराबाहेर अडकले की माझ्याच नावानं हाका मारतात. मी फटकळ आहे. मनात आलं की तोंडात आलं, मध्ये थांबा नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, पुढे जे घडलं ते कळावं म्हणून सांगतेय.

शुक्रवारी संध्याकाळी फुगा शटर अर्धं खाली ओढतो. शेवटचं गिऱ्हाईक उठलं, केर काढला, की आम्ही वाकून आत शिरतो. मी, पोस्ट्या आणि मास्तर. पोस्ट्या म्हणजे आमचा पोस्टमन, जगातल्या प्रत्येक कुत्र्याशी त्याचं वैर. मास्तर गाडी चालवायला शिकवतात. आयुष्य शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर गेलं, त्यामुळे घरी सोफ्यावर बसले तरी पाय ब्रेक शोधत असतो. आम्हा तिघांचं एकमेकांशी काय नातं म्हणाल, तर तो शुक्रवार आणि ती गाणी.

गाणी कसली, तर पंक. तीसुद्धा साधी नाही, रॉकाबिलीच्या अंगानं जाणारी. म्हणजे काय, हे मला माझ्या बहिणीला आजवर समजावता आलेलं नाही. पण असं बघा. माणसापेक्षा उंच असं उभा बास नावाचं तारांचं वाद्य असतं, त्याच्या तारा बोटांनी नुसत्या छेडत नाहीत, त्यांना थपडा मारतात. त्या थपडांचा ठेका असा की खुर्चीत बसलेला माणूस बसल्या जागी नाचायला लागतो. वर गिटार, विहिरीत बसून वाजवल्यासारखी घुमणारी. आणि गाणारा इतक्या रागात की जणू घरमालकाशी भांडून थेट माईकसमोर आलाय, त्यात मध्येच त्याला उचक्या लागतात. गाणं सुरू होईपर्यंत संपतं. माझी बहीण म्हणते, ही काय गाणी आहेत, हा तर कालवा आहे. असू दे. दिवसभर मशीनवर पितळ घासून कानात किरकिर भरलेली असते, ती घालवायला असलाच कालवा लागतो.

फुग्याचे नियम कडक. दर शुक्रवारी खुर्चीचा मान एकाचा. ज्याचा मान तो रेकॉर्ड निवडणार आणि ती वाजत असेपर्यंत फुगा त्याच्या केसांचा फुगा काढणार. माझाही काढतो, मी काही कमी नाही. पोस्ट्याला टक्कल आहे, त्याच्या डोक्याला तो नुसतं तेल चोळतो आणि म्हणतो, "कल्पना कर." एक बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. आणि सुईला हात फक्त फुग्यानं लावायचा. दुसऱ्या कुणी नुसतं बोट पुढे केलं तरी वाघासारखा अंगावर येतो. गंमत म्हणजे सुई टेकवताना तो रेकॉर्डकडे बघतच नाही. आमच्या तोंडाकडे बघतो. पहिली थप्पड पडली की आमचे चेहरे कसे उजळतात ते त्याला बघायचं असतं. इतक्या वर्षांची सवय, हाताला वाट पाठ.

एकदा भर दुपारी वहिनी माझ्या टपरीवर आल्या. वहिनी म्हणजे फुग्याची बायको, पडदे शिवतात. हातात कुलूप होतं, चांगलं चालणारं. मी म्हटलं, "याला काय झालंय?" तर त्या नुसत्या कुलूप उघडझाप करत उभ्या राहिल्या.

"ताई, यांचे हात बघितलेत?" शेवटी म्हणाल्या.

मी बघितले होते. कोणी बघितले नव्हते? कपातला चहा बशीत यायचा. किल्ल्या माझ्या हातात देताना किल्ल्याच वाजायच्या. कात्री चालवताना डावा हात गिऱ्हाइकाच्या डोक्यावर, उजव्याला कंगव्याचा आधार, तेव्हा काही कळायचं नाही. पण हात हवेत अधांतरी, हळूहळू न्यायची वेळ आली की थरथर सुरू. आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. माणसाला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही, तसं. चहा सांडला की म्हणायचा, "कप काठोकाठ भरून देता आणि मग मला नावं ठेवता."

"सासऱ्यांचं असंच झालं होतं," वहिनी म्हणाल्या. "हेच दुकान, हीच खुर्ची. एका गिऱ्हाइकानं तोंडावर सांगितलं, काका, तुमचा हात थरथरतो. त्यांनी कात्री खाली ठेवली, घरी आले, पलंगावर पडले, ते परत दुकानात गेलेच नाहीत. फार दिवस काढले नाहीत त्यांनी. यांनी ते सगळं डोळ्यांनी बघितलंय. मी एकदा नुसता सासऱ्यांचा विषय काढला, तर ताट बाजूला सारून उठले. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. तुम्ही कुणी बोलू नका. मी सांगेन. वेळ बघून मीच सांगेन. शब्द द्या मला."

मी दिला. पोस्ट्यानं दिला. मास्तरांनी दिला. वहिनींचे डोळे असे होते की तुम्हीही दिला असता. पण शब्द देताना आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात रेकॉर्डची सुई आली नाही. तिघंही अकलेचे कांदे.

पुढच्याच शुक्रवारी ती घसरली. मान मास्तरांचा होता. त्यांनी ती कवटीवाली मागितली, जिच्या कव्हरवर कवटीच्या डोक्यावर केसांचा फुगा आहे. फुग्याचा सगळ्यात लाडका माल. त्यानं आमच्याकडे बघत सुई टेकवली आणि खर्रर्र! सुई अर्धी रेकॉर्ड ओरबाडत गेली.

"फळीला धक्का मारला कुणी?" फुगा गरजला.

"माझा गुडघा," पोस्ट्या म्हणाला. बिचारा फळीपासून चांगला लांब बसला होता.

फुग्यानं त्याची बिनपाण्यानं केली. पोस्ट्यानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. पुढच्या वेळी बाहेरून ट्रक गेला म्हणून सुई उडाली. त्याच्या पुढच्या वेळी परत पोस्ट्याचा गुडघा. मास्तरांनी गाडीतला रबरी पायपोस कापून मशीनखाली घातला. मी फळीला आधाराचे दोन नवे लोखंडी कोन ठोकले. फुगा म्हणाला, "आता भूकंप झाला तरी हलायची नाही." आम्ही म्हटलं, "नाहीच हलायची." आणि सुई घसरतच होती, कारण फळी कधी हललीच नव्हती.

मग तो दिवस आला. कवटीवालीच लागली होती. बासच्या थपडा जोरात चालू, मास्तरांचा पाय ब्रेकवर, माझ्या डोक्यात फुग्याचा कंगवा. आणि त्या थपडांच्या मध्ये, रेकॉर्ड एकदा फिरली की एकदा, टक्. परत फिरली, टक्. चरा उमटला होता, दुसरं काय.

फुग्याचा कंगवा थांबला. "टक् टक् करतंय का रे काहीतरी?"

बाजू चालू असताना तो बोलला. स्वतःचा नियम त्यानं स्वतः मोडला. हे कधी झालं नव्हतं, म्हणून पोस्ट्या दचकला आणि दचकून बोलून गेला, "नाही बुवा. मला तर काही ऐकू येत नाही."

अरे मूर्खा! रेकॉर्ड जुनी झाली म्हणायचं होतं. गुडघा म्हणायचं होतं. तुझा तो गुडघा काय फक्त कुत्र्यांपासून पळायला आहे? पण तोंडातून गेलं ते गेलं. फुग्यानं मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी पोस्ट्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही. स्वच्छ वाजतेय." मग त्यानं आरशात माझ्याकडे बघितलं. आणि मी, जी मनात आलं की तोंडात आणते, तिनं नकारार्थी मान हलवली. त्याच्या कंगव्यासकट हलली ती.

त्यानं कंगवा परत चालू केला. बाजू संपल्यावर रेकॉर्ड उजेडात धरली, चष्मा लावला, वळवून वळवून बघितली. जुन्या रेकॉर्डवर बारीक रेघा असतातच, त्यातली बोलणारी कुठली आणि मुकी कुठली ते डोळ्यांना कळत नाही. त्यानं ती पुसून कव्हरात घातली आणि उगाच कान चोळत बसला.

त्यानंतर दर शुक्रवारी एक नवी रेकॉर्ड टकटकायला लागायची आणि दर शुक्रवारी तो विचारायचा. आधी सगळ्यांना विचारायचा, मग एकेकट्याला गाठून विचारायला लागला. माझ्या टपरीवर येऊन म्हणायचा, "चावी, खरं सांग." आणि मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून सांगायचे, "काही नाही रे. तुझ्या कानात मळ झालाय." असं बोलून घरी गेले की मला जेवण जायचं नाही. एकदा उघडलेलं खोटं परत बंद कसं करायचं? कुलूप असतं तर केलं असतं.

मी वहिनींना गाठलं. म्हटलं, "वहिनी, सांगा आता. त्याला वाटतंय त्याचे कान गेले." त्या म्हणाल्या, "कान गेल्याचं दुःख ते सोसतील. हाताचं नाही सोसणार." मी म्हटलं, "अहो, पण कान गेलेच नाहीत!" त्या म्हणाल्या, "या महिन्यात सांगते." तो महिना गेला.

मध्येच एक दिवस मास्तर कानाच्या पाळीला पट्टी लावून आले. कात्री लागली होती. फुग्याचा डावा हात पावडरीच्या डब्याकडे गेला आणि उजवा तेवढ्यात सुटला. "तुमचं डोकं हललं," फुगा म्हणाला. आणि मास्तर काय म्हणाले असतील? "हो हो, माझंच हललं, ब्रेक दाबायला गेलो." वर माफी मागून आले! मी त्यांना रस्त्यातच झापलं. "उद्या एखाद्या लहान पोराचा कान जाईल, मग कुणाचं डोकं हलवाल?" मास्तर म्हणाले, "मग तुम्ही सांगा ना." मला राग त्यांचा नव्हता आला, माझाच आला होता. भीती वाटत होती हो. नुसती भीती. त्या पलंगावर पडलेल्या म्हाताऱ्याला मी कधी बघितलं नाही, पण तो रोज माझ्या डोळ्यांसमोर यायचा आणि त्याचं तोंड फुग्याचं असायचं.

शेवटी फुगा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. आम्हाला न सांगता. शुक्रवारी आम्ही वाकून आत शिरलो तर वहिनीही आल्या होत्या, दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. त्या कधी यायच्या नाहीत. खुर्चीवर रेकॉर्डचे तीन गठ्ठे होते, सुतळीनं बांधलेले.

"बसा," फुगा म्हणाला. आवाज अगदी नेहमीचा. "डॉक्टर म्हणाला, कान एकदम फर्स्ट क्लास. पोरांनासुद्धा ऐकू येत नाही इतकं बारीक मला ऐकू येतं."

"मग झालं तर!" पोस्ट्या म्हणाला.

"काय झालं? कान चांगले, मशीन चांगलं, फळी चांगली, तुम्हा तिघांना रेकॉर्ड स्वच्छ ऐकू येते. मग टकटक होते कुठे?" त्यानं स्वतःच्या कपाळावर बोट आपटलं. "इथे. इथे काहीतरी सुटलंय. मी रात्री पडल्या पडल्या विचार करतो. आता टक् आहे, उद्या कुणीतरी बोलायला लागेल आत. परवा मी बायकोला ओळखणार नाही. रेकॉर्ड लावली की ते वाढतं, म्हणून आता नको. हे गठ्ठे तुमचे. कवटीवाली चावीच्या गठ्ठ्यात आहे."

मी वहिनींकडे बघितलं. त्या मांडीवरची पडद्याची चिंधी पिळत होत्या. आता बोला, बाई. हीच ती वेळ. दुसरी कुठली यायचीय? त्यांनी चिंधीला आणखी एक पीळ घातला.

मग माझा बांध फुटला. "मलाही ऐकू येतं!" मी ओरडले. "पहिल्या दिवसापासून येतं. टक्, टक्, प्रत्येक फेऱ्याला. या दोघांनाही येतं. आम्ही खोटं बोललो तुझ्याशी. तुझं डोकं शाबूत आहे फुग्या, रेकॉर्डवर चरे पडलेत!"

फुगा माझ्याकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. इतकं मायेचं हसू मी त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. त्यापेक्षा त्यानं कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

"चावी," तो म्हणाला, "तुला खोटं बोलता येत नाही गं. कशाला त्रास करून घेतेस?"

"मी खरं बोलतेय!"

"इतके दिवस खरं बोललीस. तुझ्या टपरीवर किती फेऱ्या मारल्या, तुझ्या डोळ्यांत बघून विचारलं मी. तू म्हणालीस, काही नाही. आता गठ्ठे बघितलेस, माझी दया आली, म्हणून म्हणतेस येतं म्हणून." तो पोस्ट्याकडे वळला. "तू सांग रे. टक् ऐकू येतं तुला?"

"सांग!" मी पोस्ट्याला दंडाला धरून हलवलं. "सांग की मेल्या!"

पोस्ट्यानं वहिनींकडे बघितलं. वहिनींनी नको म्हणून मान हलवली, इतकी जराशी की फुग्याला दिसली नाही. "नाही," पोस्ट्या म्हणाला.

"मास्तर?"

मास्तर स्वतःच्या बुटांकडे बघत होते. "नाही ऐकू येत," ते म्हणाले.

"बघ," फुगा मला म्हणाला. लहान मुलीची समजूत काढावी तसा. "तू मैत्रीण आहेस म्हणून बोललीस. मी विसरणार नाही."

त्याला आता काय सांगणार होते मी? माझ्याकडे आणखी एकच गोष्ट उरली होती. चरे पडले ते कशानं पडले, ती. दोन शब्द होते. तुझा हात. ते म्हटले असते तर सगळं जागेवर आलं असतं. त्याला डोकं परत मिळालं असतं, कान परत मिळाले असते, रेकॉर्डही. शब्द ओठांपर्यंत आले. "फुग्या, तुझा..."

"ए, तोंडं काय पाडून बसलात?" तो मध्येच म्हणाला. त्याला आमच्याच काळजीनं गलबलून आलं होतं, म्हणून तो चेष्टेवर आला. "मी काही मरत नाहीये. डोकं बिघडलं तर बिघडलं. केस कापायला न्हाव्याचं डोकं कुठं लागतं? गिऱ्हाइकाचं लागतं!"

पोस्ट्या हसला, रडल्यासारखा. मास्तर हसले. वहिनींनी चिंधी तोंडाला लावली. फुगा माझ्यापाशी आला, कवटीवालीचा गठ्ठा माझ्या हातात दिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मी रात्री देवाला काय म्हटलं माहितीये?" तो हळूच म्हणाला, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असा. "म्हटलं, तुला न्यायचंच असेल तर हे वरचं डोकं ने. बाबांचं नेलंस ते तेवढं नेऊ नकोस. आणि ऐकलं बघ त्यानं. हात आहेत ना माझे? आहेत ना?"

त्याचा हात माझ्या खांद्यावर थरथरत होता. माझ्या कपड्यांतून, हाडापर्यंत कळत होता.

"आहेत रे," मी म्हटलं. "हात आहेत."